रिपोर्ट नॉर्मल, तरी पाय जळतात: नसांमधल्या सोडियम चॅनलबद्दल

मास्तर_बजाजनगर

मागच्या आठवड्यात आरोग्य विभागात एका ताईंनी लिहिलं होतं: रात्री तळपाय जळतात, चादरीचा स्पर्शही सहन होत नाही, एनसीव्ही (नसेतून वीज किती वेगानं जाते याची तपासणी) करून झाली, ती नॉर्मल आली, आणि आता घरातली माणसं म्हणतात की सगळं मनाचं आहे. त्यावर काशाच्या वाटीपासून नामस्मरणापर्यंत सल्ले आले. देणाऱ्यांची कळकळ खरी आहे, पण त्या ताईंचं दुखणंही खरं आहे, आणि ते कुठून येऊ शकतं हे आज शास्त्राला बरंच माहीत आहे. प्रतिसादात मावणार नाही म्हणून वेगळा धागा काढतो. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवलं आहे. रुग्ण तपासणारा डॉक्टर मी नाही, तेव्हा गोळ्यांचा निर्णय ज्याच्या त्याच्या डॉक्टरांचाच.

आधी एनसीव्हीचं. ही तपासणी नसेतल्या जाड तंतूंची असते, ज्यांच्यावर मायलिनचं (तारेवरच्या वेष्टणासारखं) आवरण आहे त्यांची. स्पर्श, कंप, स्नायूंना हुकूम पोचवणं ही त्यांची कामं. चटका, जळजळ, टोचणं वाहून नेणारे तंतू अतिशय बारीक असतात आणि त्यांतल्या बहुतेकांवर मायलिन नसतंच. ते बिघडले तरी एनसीव्हीचा कागद स्वच्छ येतो. या आजाराला स्मॉल फायबर न्यूरोपॅथी म्हणतात. पुरावा हवा असेल तर घोट्याच्या सुमारे १० सेंटिमीटर वरून त्वचेचा ३ मिलिमीटरचा तुकडा काढून त्यातले बारीक तंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोजावे लागतात. 'रिपोर्ट नॉर्मल'चा अर्थ एवढाच, की जे तंतू तपासले ते ठीक आहेत. न तपासलेल्यांबद्दल तो कागद काहीच बोलत नाही.

आता हे बारीक तंतू दुखणं नेतात कसं ते बघू. पेशीच्या बाहेर सोडियम भरपूर असतो, लिटरमागे १४० मिलिमोलच्या आसपास. आत साधारण त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाच. पेशीच्या पातळ भिंतीत प्रथिनांची दारं बसवलेली असतात, तीच सोडियम चॅनल. आतबाहेरच्या विद्युत दाबातला फरक थोडा कमी झाला की दार उघडतं, सोडियम आत घुसतो, त्यामुळे शेजारच्या भागातला दाब बदलतो आणि तिथलं दार उघडतं. फटाक्यांच्या लडीत एक फुटला की पुढचा पेटतो, तसा संदेश पायाच्या बोटापासून मणक्यापर्यंत जातो. एक-दोन मिलिसेकंदांत दार आपोआप मिटतं आणि थोडा वेळ पुन्हा उघडत नाही. उघडण्याइतकंच हे वेळेवर मिटणं महत्त्वाचं आहे, आणि निम्मे आजार तिथेच दडलेले आहेत. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड तंतूवर प्रयोग करून १९५२ साली हे सगळं गणितासकट मांडलं. त्यासाठी १९६३चं नोबेल मिळालं. त्या वेळी दारं कोणी पाहिलेली नव्हती. वीज मोजून त्यांनी दारांची वागणूक सांगितली, हे मला आजही थक्क करतं.

माणसाच्या शरीरात अशी नऊ प्रकारची दारं आहेत, नॅव्ह १.१ ते नॅव्ह १.९. हृदयात मुख्यतः १.५, हातापायांच्या स्नायूंत १.४, मेंदूत १.१, १.२, १.६ वगैरे. दुखण्याच्या बारीक तंतूंत १.७, १.८ आणि १.९ ही तीन महत्त्वाची. त्यातलं १.७ म्हणजे उंबरठ्यावरचा पहारेकरी. बारीकशी चाहूल लागली तरी ती मोठी करून पुढे सरकवणं त्याचं काम, आणि ती पुरेशी मोठी झाली की १.८ जोर लावून संदेश धाडतं.

नॅव्ह १.७ तयार करणारं जनुक एससीएन९ए. एरिथ्रोमेलाल्जिया नावाचा एक दुर्मीळ आजार आहे, अमेरिकेच्या वेअर मिचेल यांनी १८७८ साली त्याला हे नाव दिलं. हातपाय लालभडक होतात, गरम होतात, आग होते. थोडी ऊब, थोडं चालणं, पायात मोजे, एवढंही पुरतं. अशी माणसं गार फरशीवर पाय टेकवून बसतात, बर्फाच्या पाण्यात पाय बुडवून ठेवतात, त्यानं कातडी सडते तरी पाय बाहेर काढवत नाहीत. २००४ साली चिनी शास्त्रज्ञांनी या आजाराच्या आनुवंशिक प्रकारात एससीएन९ए मधला बदल शोधला. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या स्टीफन वॅक्समन यांच्या गटानं पुढे दाखवलं, की बदललेलं दार गरज नसताना, अगदी थोड्याशा चिथावणीनं उघडतं.

आता दुसरं टोक. उत्तर पाकिस्तानात एक मुलगा रस्त्यावर खेळ करायचा. निखाऱ्यांवरून चालायचा, दंडातून सुऱ्या आरपार घालायचा. त्याला दुखतच नव्हतं. चौदा वर्षांचा होण्याआधी घराच्या छपरावरून उडी मारून तो गेला. त्याच्या नात्यातल्या कुटुंबांचा अभ्यास केंब्रिजच्या जेफ्री वुड्स आणि सहकाऱ्यांनी केला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्या सगळ्यांत तेच एससीएन९ए, फक्त इथे नॅव्ह १.७चं दार मुळी चालतच नव्हतं. बुद्धी ठीक, स्पर्श ठीक, गरम-गार कळतं, गुदगुल्या होतात, फक्त दुखणं नाही. मुलांनी स्वतःचे ओठ, जिभा चावून टाकलेल्या होत्या. हाडं मोडलेली उशिरा कळायची.

एकाच जनुकात बदल, एकीकडे आग, दुसरीकडे शून्य. दुखण्याचं माप माणसाच्या सोशिकपणावरून काढणाऱ्यांनी या दोन कुटुंबांकडे बघावं. आणि ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की कोणतं दार बिघडलं आणि कोणत्या बाजूनं बिघडलं यावर औषध ठरतं. एकाला तारणारी गोळी दुसऱ्याला घातक ठरू शकते. त्याबद्दल प्रश्न आले तर पुढे लिहितो.


नंदा_सक्करदरा

सर, तो धागा माझाच होता. तुमचं लिहिलेलं यांना वाचायला दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि काही बोलले नाहीत, पण रात्री कूलर माझ्या पायाकडे वळवून ठेवला. माझी जाऊ म्हणते की सोडियमचाच दोष आहे तर मीठ बंद कर, नाहीतर सैंधव खा. असं करून काही फरक पडतो का?


मास्तर_बजाजनगर

नंदाताई, नाही पडत. रक्तातलं सोडियम मूत्रपिंडं आणि संप्रेरकं १३५ ते १४५ च्या पट्ट्यात धरून ठेवतात. भाजीतलं मीठ कमी-जास्त केल्यानं नसेतल्या दारांचा स्वभाव बदलत नाही. सैंधवही शेवटी सोडियम क्लोराइडच. रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितलं असेल तर अवश्य करा, तो मुद्दा वेगळा.

एक गोष्ट मात्र जोडलेली आहे. सोडियमची दारं आवरणाऱ्या काही गोळ्या, विशेषतः कार्बामाझेपिन आणि त्याहून जास्त ऑक्सकार्बाझेपिन, रक्तातलं सोडियम खाली आणतात. वयस्क माणसाला ही गोळी सुरू झाल्यावर तोल जाणं, गुंगी, बडबड, मळमळ दिसली तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका, सोडियम तपासा.


मधुकर_प्रतापनगर

नमस्कार जी. मला शुगर जुनी आहे. पाय जळूनच राह्यले, वरून बधिरही झाले. चप्पल पायातून निघून गेली तरी समजत नाही. हे दोन्ही एकदम कसं? आणि मला प्रीगॅबलिन दिली आहे, ती ही दारं बंद करते का?


भूलतज्ज्ञ_वर्धा

मी उत्तर देते, हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे.

काका, प्रीगॅबलिन आणि गॅबापेंटिन ही सोडियमची औषधं नाहीत. ती कॅल्शियम चॅनलच्या एका भागाला चिकटतात आणि मणक्यात संदेश पुढच्या पेशीला पोचवणारी रसायनं कमी सुटू देतात. अमिट्रिप्टिलिन कमी मात्रेत देतात, ती इतर कामांसोबत सोडियमची दारंही थोडी आवरते. तिच्या वेष्टणातल्या कागदावर नैराश्याचं औषध असं छापलेलं असतं, ते वाचून पेशंट रागावतात की आम्हाला वेडं ठरवलं. नसांच्या दुखण्यासाठी ती वेगळ्या कारणानं आणि बऱ्याच कमी मात्रेत दिली जाते.

जळणं आणि बधिरपणा एकदम कसा, तर काही तंतू मेले आहेत आणि जे जखमी पण जिवंत आहेत ते विनाकारण संदेश पाठवत आहेत. मेलेल्यांमुळे बधिर, जखमींमुळे आग. मधुमेहात साखरेपासून मिथाइलग्लायोक्सल नावाचं एक रसायन वाढतं. ते नॅव्ह १.८ ला चिकटून त्याला जास्त चाळवतं, असं २०१२ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं. म्हणजे साखर आणि दार यांचा थेट धागा सापडला आहे.

आणि मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेत असाल तर बी १२ तपासलं का? वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, वरून शाकाहार, यात बी १२ घसरतं आणि त्याची न्यूरोपॅथी हुबेहूब मधुमेहासारखी दिसते. फरक असा की ती वेळेत धरली तर सुधारते. चप्पल निसटल्याचं कळत नाही म्हणालात, तर मे महिन्यात अनवाणी अंगणात किंवा गच्चीवर जाऊ नका. दुपारच्या नागपुरी फरशीवर भाजलेले पाय दरवर्षी बघते, आणि पेशंटला फोड दिसल्यावरच समजतं.


मधुकर_प्रतापनगर

बी १२ कधीच नाही केलं मॅडम. उद्याच करतो.


वरोऱ्याची_मेघा

मधुकर काकांचं वाचून आनंदवन आठवलं. आमचं बालपण त्याच परिसरातलं. कुष्ठरोग झालेल्या माणसांची बोटं झडतात ती रोगानं, असंच गावात सगळे समजायचे. नंतर कळलं की बोटांना दुखत नाही म्हणून जखमा होत राहतात, चुलीवरचं भांडं हातानं उचललं जातं, पायात खिळा घुसला तरी माणूस चालत राहतो. सरांनी लिहिलेल्या त्या पाकिस्तानी मुलासारखंच झालं ना हे? तिथेही सोडियमचं दार बंद असतं का?


मास्तर_बजाजनगर

मेघा, परिणाम सारखा, कारण वेगळं. कुष्ठरोगाचे जंतू नसेच्या तंतूभोवतीच्या श्वान (Schwann) नावाच्या आवरण-पेशींत शिरतात आणि पुढे तंतूच नष्ट होतात. तिथे तारच तुटलेली असते. त्या मुलात तार शाबूत होती, फक्त दार चालत नव्हतं. वेल्लोरला काम केलेले पॉल ब्रँड यांनी हेच ठासून सांगितलं होतं, की कुष्ठरोग्यांच्या हातापायांची बहुतेक हानी वेदना हरवल्यामुळे होते. म्हणून अशा रुग्णाला रोज रात्री तळपाय तपासायला शिकवणं हे औषधाइतकं मोलाचं आहे. मधुमेहालाही तोच नियम लागू.


अपर्णा_मनीषनगर

आईच्या उजव्या गालात वीज चमकावी तशा कळा यायच्या. दात घासताना, वारा लागला तरी. एका ठिकाणी दाढ काढली, कळा तशाच, मग शेजारची काढली. शेवटी न्यूरॉलॉजिस्टनी ट्रायजेमिनल न्यूराल्जिया सांगितलं आणि टेग्रिटॉल (म्हणजे कार्बामाझेपिन) सुरू केली. काही दिवसांत आई पोळी चावून खायला लागली. दात मात्र गेले. मला विचारायचं आहे, की फिटची गोळी गालाच्या कळेवर इतकी अचूक कशी लागू पडली? आणि ती आयुष्यभर घ्यायची का?


भूलतज्ज्ञ_वर्धा

ताई, तुमच्या आईसारख्या बऱ्याच जणांचे चांगले दात असे जातात. ओळखायची खूण तुम्ही स्वतःच लिहिली आहे: क्षणभर चमकणारी कळ, हलक्या स्पर्शानं सुटणारी, मध्ये मध्ये अगदी मोकळा वेळ. किडलेल्या दाताचं ठणकणं असं सहसा नसतं.

बहुतेकांत चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी एखादी रक्तवाहिनी ठोके देत टेकलेली असते. तिथलं मायलिन झिजतं आणि उघड्या पडलेल्या भागात तंतू स्वतःच पेटायला लागतो, सेकंदात असंख्य संदेश. कार्बामाझेपिन सोडियमच्या दाराला ते मिटलेल्या अवस्थेत धरून ठेवते. शांत, क्वचित उघडणाऱ्या दारांना ती फारशी शिवत नाही, सारखी उघडझाप करणाऱ्यांना जास्त पकडते. त्यामुळे गालाचा स्पर्श शाबूत राहतो आणि कळ थांबते. फिटमध्येही मेंदूच्या पेशी अशाच सपाट्यानं पेटतात. या दुखण्यावर तिचा उपयोग १९६२ पासून माहीत आहे.

आयुष्यभर हे आत्ताच ठरत नाही. मात्रा कमी करून बघता येते, गोळी पुरेनाशी झाली तर रक्तवाहिनी आणि नस यांच्यामध्ये गादी ठेवण्याची शस्त्रक्रिया आहे. एमआरआय केला नसेल तर करून घ्या. आणि सुरुवातीच्या आठवड्यांत अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, ही गोष्ट थांबायची नाही.

दाराच्या औषधांचं सगळ्यात ओळखीचं रूप तर दातांच्या खुर्चीवरच भेटतं. लिग्नोकेन. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करून दाखवला, पुढे स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी १९४३ साली लिग्नोकेन तयार केलं. हे औषध पेशीच्या भिंतीतून आत शिरतं आणि आतल्या बाजूनं दार अडवतं. पू झालेल्या दाढेला इंजेक्शन का लागत नाही, असं लोक विचारतात. पू असलेली जागा आम्लधर्मी असते, तिथे औषधाचे रेणू भारित होतात आणि भिंत ओलांडू शकत नाहीत. डॉक्टरांनी सुई नीट मारली नाही असं नेहमी नसतं.


काटोलकर

मास्तर, आमच्या शेतात विंचू लय. मागे संत्र्याच्या क्रेटखालून आमच्या गड्याला लाल विंचू चावला. चावला तिथे ठणका होताच, पण थोड्या वेळानं अंग घामानं भिजलं, उलटी झाली, हातपाय थंडगार. गावातले म्हणे उतारा करू. मी काही आयकलं नाही, गाडीत टाकून नेलं म्हणून वाचला. विंचवाचं विष नसेवरच काम करते ना? त्याचाही ह्या दाराशी संबंध असन का?


मास्तर_बजाजनगर

काटोलकर, तुम्ही त्याचा जीव वाचवला. आणि संबंध अगदी थेट आहे. लाल विंचवाच्या विषातली काही प्रथिनं सोडियमच्या दाराला मिटूच देत नाहीत. दार उघडं राहिलं की नसा थांबायचं नाव घेत नाहीत, ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्यं रक्तात ओतली जातात. म्हणून घाम, लाळ, उलटी, थंड हातपाय, वाढलेला रक्तदाब, आणि शेवटी हृदय थकून फुप्फुसात पाणी. ठणक्यानं माणूस मरत नाही, या वादळानं मरतो. लहान मुलांना जास्त धोका.

यावरचा उपाय आपल्याच माणसानं दाखवला. डॉ. हिंमतराव बावस्कर, नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकले आणि रायगड जिल्ह्यात महाडला राहून त्यांनी विंचूदंशाचे रुग्ण स्वतः रात्र रात्र बसून तपासले. रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी प्राझोसिन या वादळावर चालते हे त्यांनी दाखवलं आणि त्यांचं काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्राझोसिन दार बंद करत नाही. दार उघडं राहिल्यानं जे द्रव्य सुटतं, त्याचा रक्तवाहिन्यांवरचा मारा ती अडवते. पुढे विंचूविषावरचं प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिल्यानं रुग्ण लवकर सावरतो, हेही त्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलं. ठणका फार असेल तर डॉक्टर चावलेल्या जागी लिग्नोकेन देतात. एक दार उघडं धरणारं, दुसरं तेच दार अडवणारं.


समीर_बेसा

मुलाला पाचव्या महिन्यात तापात फिट आली, अर्धा तास चालली. नंतर वारंवार. कार्बामाझेपिन दिली तर फिट वाढल्या. आता जनुक तपासणीत एससीएन१ए मध्ये बदल निघाला, ड्रॅव्हेट सिंड्रोम सांगितलं आहे. सोडियमची दारं आवरणारं औषध फिट कमी करतं असं तुम्ही म्हणता, मग आमच्या बाळाला उलटं का झालं? आम्ही दिलेल्या गोळीनंच त्याचं नुकसान झालं का, हा विचार डोक्यातून जात नाही.


मास्तर_बजाजनगर

समीरभाऊ, आधी हे वाचा: फिट आलेल्या बाळाला त्या क्षणी हाताशी असलेलं नेहमीचं औषध दिलं गेलं. जनुकाचा अहवाल आल्याशिवाय कोणालाच आतलं दिसत नव्हतं. आणि आजार त्या बदलातून आलेला आहे, गोळीतून नाही.

उलटं का झालं ते सांगतो. एससीएन१ए या जनुकातून बनणारं नॅव्ह १.१ हे दार मेंदूतल्या ज्या पेशींमध्ये सगळ्यात कामाचं असतं, त्या पेशी इतरांना शांत करणाऱ्या असतात. ड्रॅव्हेटमध्ये या दारांची संख्या निम्म्यावर येते, त्यामुळे शांत करणारेच दुबळे पडतात आणि बाकीचे बेफाम होतात. त्यात दार आवरणारी गोळी दिली, की उरलेसुरले शांत करणारेही गप्प. म्हणून या मुलांना कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटोइन, लॅमोट्रिजिन शक्यतो टाळतात. व्हॅल्प्रोएट, क्लोबाझाम, स्टिरिपेंटॉल अशी दुसरी औषधं वापरली जातात. याउलट एससीएन२ए किंवा एससीएन८ए या मेंदूतल्या दुसऱ्या दारांच्या जनुकांत दार जास्त उघडण्याचा बदल असलेल्या काही तान्ह्या मुलांना नेमकी फेनिटोइन किंवा कार्बामाझेपिनच लागू पडते. बाहेरून दोन्ही बाळांची फिट सारखीच दिसते.

जनुकाच्या अहवालाची प्रत गाडीत, पर्समध्ये, फोनमध्ये ठेवा. रात्री अपरात्री अनोळखी दवाखान्यात जावं लागलं तर ती पहिल्यांदा दाखवा. चालू औषध मात्र स्वतःहून एकदम बंद करू नका, बदल नेहमी डॉक्टरांच्या हातानं.


समीर_बेसा

धन्यवाद सर. हिला वाचून दाखवलं. प्रत आजच काढतो.


कांचन_नरेंद्रनगर

मला मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे. एप्रिल सुरू झाला की उजव्या डोळ्याला धुरकट दिसायला लागतं, पायातली ताकद जाते. दर वेळी वाटतं नवा अटॅक आला. एसीत तासभर बसलं की बरं वाटतं. ऑफिसात म्हणतात, एसीची सवय लागली हिला.


मास्तर_बजाजनगर

कांचनताई, याला उथॉफची घटना म्हणतात, जर्मन नेत्रतज्ज्ञ उथॉफ यांनी १८९० साली वर्णन केलेली. तुमच्या आजारात (एमएसमध्ये) मायलिन झिजतं, आणि अशा तंतूत वीज आधीच गळत असते, संदेश कसाबसा पुढे जातो. तापमान वाढलं की सोडियमची दारं आणखी लवकर मिटतात, आत येणारा सोडियम कमी पडतो आणि संदेश अर्ध्या वाटेत विझतो. शरीराचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी पुरतं. गार झालं की पूर्ववत. ऑफिसातल्या लोकांना हा परिच्छेद दाखवा. नागपुरात ४५ अंशांत एमएस असलेल्या माणसाला गारवा मिळणं ही सवय नाही, उपचाराचाच भाग आहे. मात्र गार होऊनही चोवीस तासांत लक्षण ओसरलं नाही, किंवा नवीनच काही दिसलं, तर उन्हावर न ढकलता न्यूरॉलॉजिस्टला कळवा. ताप असेल तर तो आधी उतरवा, त्यानंही असंच होतं.


विदर्भपुत्र

सर, लेखन उत्तम. पण एक शंका प्रामाणिकपणे मांडतो. सगळं दारावर आणि जनुकावर ठेवलं तर मनाचा भाग राहतच नाही. माझ्या बहिणीचं पाठीचं दुखणं घरातल्या ताणानं वाढतं हे आम्ही डोळ्यांनी बघतो. दुखणाऱ्या प्रत्येकानं जनुक तपासायचं का?


मास्तर_बजाजनगर

शंका रास्त आहे. दार फक्त संदेश पाठवतं, त्याचं दुखणं मेंदूत होतं, आणि मेंदू खालून येणाऱ्या संदेशाला दाबूही शकतो, वाढवूही शकतो. शरीर स्वतःची अफूसारखी द्रव्यं बनवतं, त्यातून हे घडतं. नॅव्ह १.७ नसलेल्या एका ३९ वर्षांच्या बाईंना लंडनच्या संशोधकांनी ही द्रव्यं निकामी करणारं नालोक्सोन दिलं, तेव्हा त्यांना आयुष्यात पहिल्यांदा दुखल्याची जाणीव झाली. २०१५ मध्ये हे छापून आलं. म्हणजे दार बंद असणं आणि वरून दाबणं, दोन्ही मिळून ती वेदनाहीनता होती. ताण, झोप, भीती ही वरची बाजू हलवतात. तुमच्या बहिणीचं दुखणं ताणानं वाढतं हे खरं, म्हणून ते कमी खरं होत नाही.

आणि नाही, प्रत्येकानं जनुक तपासण्याची गरज नाही. २०१२ च्या एका अभ्यासात कारण न सापडलेल्या स्मॉल फायबर न्यूरोपॅथीच्या २८ रुग्णांपैकी ८ जणांत एससीएन९ए मध्ये बदल मिळाला. पण असे काही बदल निरोगी माणसांतही सापडतात, त्यामुळे नुसत्या अहवालावरून निष्कर्ष निघत नाही. लहानपणापासून आग होते, घरात आणखी कुणाला आहे, किंवा मुळीच दुखत नाही, अशा वेळी ती तपासणी कामाची. एरवी आधी साखर, बी १२, थायरॉइड, मद्य, चालू औषधं हे बघायचं. नंदाताई, तुम्हालाही हाच क्रम.


सध्या_पुण्यात

मूळचा धंतोलीचा. सर, दुखणं फक्त १.७ वर चालतं तर फक्त तेच बंद करणारी गोळी का नाही काढली? हृदय, मेंदू सगळं वाचेल. अमेरिकेत नवीन काहीतरी आलं असं वाचलं.


मास्तर_बजाजनगर

२००६ नंतर मोठमोठ्या कंपन्या याच कल्पनेमागे लागल्या आणि १.७ वरचे रेणू माणसांत एकामागून एक निष्फळ ठरले. नऊही दारांची घडण एकमेकांशी इतकी मिळतीजुळती आहे, की एकालाच अडवणं कठीण. जन्मापासून १.७ नसणं आणि चाळिसाव्या वर्षी ते अर्धवट अडवणं, यात फार अंतर आहे. शिवाय १.७ वास घेणाऱ्या पेशींतही असतं. ते नसलेल्या माणसांना वास येत नाही.

अमेरिकेतलं औषध १.८ वरचं आहे, सुझेट्रिजिन. ३० जानेवारी २०२५ ला तिथल्या एफडीएनं ते प्रौढांच्या मध्यम ते तीव्र, अल्पकाळच्या दुखण्यासाठी मंजूर केलं. १.८ मुख्यतः मेंदूबाहेरच्या, दुखणं नेणाऱ्या पेशींत असतं, म्हणून गुंगी आणि व्यसन यांची भीती अफूच्या औषधांसारखी नाही. पोटाच्या आणि पायाच्या अंगठ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ते औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा चांगलं ठरलं. हायड्रोकोडोन (अफूच्या वर्गातलं औषध) आणि पॅरासिटामॉलच्या जोडगोळीपेक्षा मात्र सरस ठरलं नाही. कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेवर, म्हणजे सायटिकावर, घेतलेल्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत खोटी गोळी घेतलेल्यांनाही जवळजवळ तितकाच आराम पडला. जुनाट नसदुखीवर ते किती चालतं हा प्रश्न म्हणूनच अजून सुटलेला नाही. इथल्या कोणी ते बाहेरून मागवायच्या खटपटीत पडू नये.


काटोलकर

मास्तर, मग विंचवाच्या विषातूनच असं औषध नाही निघणार का? त्याला तर दार नेमकं माहीत आहे.


मास्तर_बजाजनगर

निसर्गात एकानं ते साधलेलं आहे, काटोलकर. अमेरिकेच्या वाळवंटात एक छोटा उंदीर आहे, नाकतोडे खातो म्हणून त्याचं नाव ग्रासहॉपर माउस. तो तिथला विषारी विंचूही खातो. विंचू तोंडावर डंख मारत राहतो आणि उंदीर जरासा पंजा चाटून पुन्हा खायला लागतो. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी कारण शोधलं. विंचवाचं विष त्याच्या १.७ ला चिथावतं, जसं बाकी प्राण्यांत होतं तसंच. पण त्याच्या १.८ च्या घडणीत किंचित फरक आहे, आणि तेच विष त्या १.८ ला चिकटून ते अडवतं. पहारेकरी ओरडतो, पण संदेश पुढे जात नाही. डंखानंतर काही वेळ त्याला दुसरंही दुखणं कमी जाणवतं. विष जिथे चिकटतं, दाराचा तो भाग औषध शोधणाऱ्यांना म्हणूनच महत्त्वाचा वाटतो.